गालावरची खूण आणि पिशवी : गॉथिक कथेतील पूर्णत्वाच्या ध्यासाचे एक वाचन

नॅथॅनिएल हॉथॉर्नची ‘द बर्थमार्क’ ही कथा १८४३ साली प्रसिद्ध झाली. मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी त्याआधी पंचवीस वर्षे, म्हणजे १८१८ साली आली होती. या दोन संहिता आपल्याकडील इंग्रजी साहित्याच्या वर्गात शिकविल्या जातात तेव्हा त्यांच्यावर एक ठरलेले सूत्र लावले जाते : विज्ञान विरुद्ध निसर्ग. मानवाने निसर्गाची मर्यादा ओलांडली, देवाच्या कामात हात घातला, आणि त्याला त्याचे शासन झाले. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरते हे सूत्र सोयीचे आहे. परंतु ते या संहितांना पुरे पडत नाही, आणि ज्या प्रदेशात त्या वाचल्या जातात त्या प्रदेशाच्या अनुभवाला तर मुळीच पुरे पडत नाही, असे मला वाटते. येथे प्रदेश म्हणजे बीड जिल्हा. गेल्या दोन दशकांत या जिल्ह्याचे नाव स्त्रीच्या शरीरावर झालेल्या वैद्यकीय हस्तक्षेपांच्या संदर्भात वारंवार घ्यावे लागले आहे. अशा ठिकाणी बसून हॉथॉर्न वाचताना कथेतील भय नेमके कोठे वसते, हा प्रश्न नव्याने विचारणे भाग पडते.

‘द बर्थमार्क’चे कथानक थोडक्यात सांगता येते. एल्मर हा विख्यात वैज्ञानिक. त्याची पत्नी जॉर्जियाना रूपवती आहे. मात्र तिच्या डाव्या गालावर चिमुकल्या हाताच्या आकाराची एक लालसर खूण आहे. लग्नानंतर लवकरच ही खूण एल्मरच्या डोळ्यांत सलू लागते. तो प्रयोगशाळेत सिद्ध केलेले औषध तिला देतो, खूण हळूहळू पुसट होते, आणि ती पूर्णपणे नाहीशी होते त्याच क्षणी जॉर्जियानाचे प्राण जातात. या सारांशावरून कथा बोधकथेसारखी वाटते. ती तशी वाचलीही गेली आहे. पण सारांशातून जे निसटते तेच या कथेचे मर्म आहे.

कथेच्या आरंभी एल्मर प्रथमच खुणेचा विषय काढतो तेव्हा जॉर्जियाना साधेपणाने सांगते की, ही खूण म्हणजे आपल्या रूपाची शोभाच आहे असे लोक म्हणत आले, म्हणून आपल्यालाही तसे वाटत होते. एल्मरचे उत्तर मोठे सूचक आहे. दुसऱ्या चेहऱ्यावर ती शोभली असती, परंतु तुझा चेहरा पूर्णत्वाच्या इतका जवळ पोहोचलेला आहे की तेथे एवढेही वैगुण्य सहन होत नाही, असा त्याचा आशय. म्हणजे वैगुण्य खुणेत नाही. ते पूर्णत्वाच्या कल्पनेत आहे. पूर्णत्वाची कल्पना आली की खुणेचा डाग होतो. हॉथॉर्न येथे थांबत नाही. या एकाच खुणेला निरनिराळे लोक निरनिराळी नावे देतात, हेही तो नोंदवितो : तिच्यावर लुब्ध झालेल्यांना तो परीच्या हाताचा ठसा वाटतो, मत्सरी स्त्रियांना रक्ताळलेला पंजा. खूण एकच, तिची वाचने अनेक. त्यांपैकी एका वाचनाच्या हाती भट्टी, कुप्या आणि पतीचा अधिकार आहे, म्हणून ते वाचन निदान ठरते.

यानंतर कथा ज्या दिशेने जाते ती मला अधिक भयावह वाटते. प्रारंभी दुखावली गेलेली, ‘मग मला आईजवळून आणलेच कशाला’ अशा अर्थाचा प्रश्न विचारणारी जॉर्जियाना हळूहळू स्वतःच त्या खुणेचा तिरस्कार करू लागते. पतीची नजर गालावर पडली की ती शहारते. अखेर औषधाचा आग्रह तीच धरते. जिवावर बेतले तरी चालेल, पण ही खूण नको, असे तीच म्हणते. मध्यंतरी एल्मरच्या प्रयोगांची वही तिच्या हाती पडते. त्याचे बहुतेक उपक्रम त्याच्या आदर्शाच्या तुलनेत फसलेले आहेत, हे त्या वहीतून तिला स्वच्छ दिसते. एवढे वाचूनही ती मागे फिरत नाही. उलट तिचा आदर वाढतो. आणखी एक तपशील आहे. हवेतून वा अन्नातून आपल्यावर काही उपचार आधीच सुरू झाले असावेत, अशी शंका तिला येते, आणि एल्मर पुढे तसे कबूलही करतो. संमती मागितली जाते ती उपचार सुरू झाल्यानंतर.

म्हणून ‘प्रयोग फसला’ हे या कथेतील भयाचे कारण नव्हे. प्रयोग फसत नाही, खूण जाते. दुसऱ्याने ठरविलेले वैगुण्य जिच्या शरीरावर ते आहे तिला स्वतःचे वाटू लागणे, आणि त्याचे निर्मूलन हीच तिची इच्छा होऊन बसणे, येथे या कथेचे भय आहे. ज्युडिथ फेटर्ली यांनी ‘द रेझिस्टिंग रीडर’ (१९७८) या ग्रंथात या कथेचे स्त्रीवादी वाचन करून तिच्यातील पुरुषी आदर्शवादाचा हिंस्र चेहरा दाखविला, हे परिचित आहे. माझा मुद्दा त्याला लागूनच, पण किंचित निराळा आहे. येथे हिंसेला बळीची स्वाक्षरी मिळते. त्या स्वाक्षरीशिवाय प्रयोग पुढे गेलाच नसता.

भारतीय रसविचाराच्या भाषेत हे मांडून पाहता येईल. भरताने बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती सांगितली आहे. भुताखेतांच्या, स्मशानाच्या, कुजलेल्या देहांच्या कथांना ही व्यवस्था लागू पडते, आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील प्रेतांचे अवयव गोळा करण्याच्या प्रसंगांनाही. परंतु ‘द बर्थमार्क’मध्ये बीभत्स जवळजवळ नाही. जॉर्जियानाला ठेवलेली खोली पडद्यांनी सजविलेली आहे, दिवे सुगंधी आहेत, पती तिच्या मनोरंजनासाठी अद्भुत दृश्ये निर्माण करतो. येथे भयानक निपजतो तो शृंगारातून. भरताच्या व्यवस्थेत शृंगारातून हास्य येते. हॉथॉर्नच्या कथेत हास्यही आहे, पण ते प्रयोगशाळेतील नोकराचे, आणि त्याच्याकडे पुढे वळायचेच आहे. प्रेमळ हातांनी दिलेला पेला या कथेत सर्वांत भीषण ठरतो. ‘रापाचिनीज डॉटर’ (१८४४) या कथेतही हेच घडते. कोणी इजा करू नये म्हणून बाप मुलीला विषावर वाढवितो आणि प्रियकराने आणलेला उतारा तिचा जीव घेतो. दोन्ही पुरुषांचे हेतू शुद्ध आहेत, आणि मरण तिच्या वाट्याला आहे.

‘फ्रँकेन्स्टाइन’विषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. एलेन मोअर्स यांनी १९७६ मध्ये ही कादंबरी बाळंतपणाचे मिथक म्हणून वाचली, तेव्हापासून तिच्या जन्मविषयक आशयाकडे दुर्लक्ष करणे शक्य राहिलेले नाही. मी येथे एकाच प्रसंगाकडे लक्ष वेधतो. आपल्याला एक सहचरी घडवून द्यावी, अशी मागणी राक्षस करतो. व्हिक्टर ती मान्य करून ऑर्कनी बेटांवर काम सुरू करतो, आणि काम पुरे होत आले असताना तो अर्धवट स्त्रीदेह स्वतःच्या हातांनी फाडून टाकतो. त्याची कारणे नीट पाहावीत. ती अधिक दुष्ट निघेल. ती आपला सहचर नाकारील. तिच्या जन्मापूर्वी झालेला करार ती मानणार नाही. आणि तिला संतती होईल. म्हणजे जन्मण्यापूर्वीच तिच्यावर दोन आरोप ठेवले जातात : तिला स्वतःची इच्छा असेल, आणि तिला गर्भाशय असेल. पहिला राक्षस कुरूप निघाला तरी जिवंत सोडला गेला. स्त्री मात्र संभाव्यतेच्या आधारावरच नष्ट केली जाते.

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यातील शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ८०७ होती; २००१ मध्ये ती ८९४ होती. गर्भलिंगनिदानाला प्रतिबंध करणारा कायदा १९९४ साली झाला होता, तरीही दहा वर्षांत ही घसरण झाली. २०१२ साली परळीतील एका रुग्णालयात गर्भपातादरम्यान एका महिलेचा मृत्यू झाला आणि सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट प्रथमच उघडपणे बोलली गेली. परळी हे ज्योतिर्लिंगाचे गाव. तेथील देवाचे नाव वैद्यनाथ. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी विष्णूने याच लिंगात लपविले, अशी स्थलकथा आहे. या योगायोगावर काव्य करण्याचा मोह टाळलेला बरा. व्हिक्टरने दिलेली कारणे आणि सोनोग्राफीच्या यंत्रासमोर दिली जाणारी कारणे यांत मात्र योगायोगापेक्षा अधिक काही आहे : अजून न जन्मलेल्या स्त्रीचे भविष्य दुसऱ्याने वाचणे, आणि त्या वाचनावर कृती करणे.

दुसरा संदर्भ ऊसतोडीचा आहे आणि तो ‘द बर्थमार्क’ला अधिक जवळचा आहे. दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे या जिल्ह्यातून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्याला जातात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. माणसांची जोडी हत्याराच्या नावाने मोजली जाते. बाई आजारी पडली, पाळीच्या दुखण्याने फडात आली नाही, तर तो ‘खाडा’, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. या व्यवस्थेत गर्भाशय कोणत्या रूपात दिसते? ते खाड्याचे कारण म्हणून दिसते. बोलीत त्याचे नाव ‘पिशवी’. पिशवी काढली की पाळी गेली, पाळी गेली की खाडा गेला. २०१९ साली हा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. यांतील अनेकींचे वय चाळिशीच्या आतले होते.

साहित्यकृती आणि समाजवास्तव यांची अशी सरमिसळ करावी काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो रास्त आहे. जॉर्जियाना ही फुरसतीच्या वर्गातील स्त्री. तिच्या देहाकडून सौंदर्याखेरीज कशाचीही अपेक्षा नाही. ऊसतोड महिलेच्या सौंदर्याशी मुकादमाला कर्तव्य नाही. एल्मरचा आदर्श कलात्मक आहे, मुकादमाचा हिशेबी. हा फरक पुसून टाकला तर दोहोंवरही अन्याय होईल. पण फरक मान्य केल्यावर जे उरते ते महत्त्वाचे आहे. दोन्ही ठिकाणी निर्दोष देहाची एक कल्पना आहे : एकीकडे डागाविना गाल, दुसरीकडे खाड्याविना कोयता. दोन्ही ठिकाणी देहाचा एक जिवंत भाग त्या कल्पनेच्या आड येतो म्हणून दोष ठरतो. आणि दोन्ही ठिकाणी अखेरचा निर्णय ‘तिचा’ असतो. पिशवीत गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल, असे सांगून भीती घातली गेल्याच्या तक्रारी आहेत. तरी अनेक स्त्रिया स्वतःहूनही गेल्या. ‘काढून टाक, सुटशील’ हा सल्ला घरातल्या बायकांनीच, मायेने दिला. संमतिपत्रावरचा अंगठा खराच होता. कायद्याला एवढे पुरते; गॉथिक कथेला पुरत नाही. संमतीची ही घडण उलगडणे हे तिचे खरे क्षेत्र आहे.

आता ‘निसर्ग’ या संज्ञेकडे वळले पाहिजे. सूत्रातील दुसरा पक्ष म्हणजे निरागस, पवित्र निसर्ग. त्याच्याकडे परतावे म्हणजे झाले. परंतु ज्या परंपरेत पाळीला विटाळ म्हटले गेले तेथे स्त्रीचा देह ‘नैसर्गिक’ म्हणून कधी निर्दोष मानला गेला होता काय? विटाळ, खाडा आणि रोग हे तीन शब्द तीन वेगवेगळ्या व्यवस्थांतून आले आहेत, आणि एकाच अवयवावर येऊन थांबले आहेत. शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत स्त्रीला एकट्या विज्ञानाने नेले नाही. उलट, विज्ञानाने येथे केलेल्या कामाचा विसर पडू देता कामा नये. अंबाजोगाईला सत्तरच्या दशकात ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले नसते तर अडलेल्या किती बाळंतिणी दगावल्या असत्या, हे या भागातल्या जुन्या माणसांना विचारावे. विज्ञानविरोधाची भाषा आपल्याला परवडणारी नाही. दोष कशाला म्हणायचे हे कोण ठरवितो, हा प्रश्न मात्र विज्ञानाच्या आणि परंपरेच्या दोघांच्याही दारात उभा आहे.

पूर्णत्वाच्या उतावळ्या ध्यासाची एक कथा अंबाजोगाईलाही आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्ये रचला असे परंपरा सांगते. त्यांच्या स्थानाविषयी अंबाजोगाई की विदर्भातील आंभोरा, असा वाद अभ्यासकांत आहे. आख्यायिकेतील जैत्पाळ राजा साधूंकडे तत्काळ ब्रह्मसाक्षात्कार मागतो; रिकिबीत पाय ठेवून घोड्यावर बसेपर्यंतच्या अवधीत तो हवा. देता न येणाऱ्या साधूंना तो कैद करतो. मुकुंदराज त्याला तो अनुभव देतात आणि साधू सुटतात, अशी कथेची सांगता. एल्मरशी या राजाचे नाते आहे. पूर्णत्व हवे, ते आत्ता हवे, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या देहाने मोजावी. अर्थात वेदान्ताच्या भूमिकेतून पूर्णत्व काही काढून टाकून मिळवायचे नसते. ते असतेच, अज्ञान तेवढे दूर व्हायचे असते. हा भेद मोलाचा आहे. तरी त्यावर समाधान मानणे मला शक्य होत नाही, कारण आत्म्याचे पूर्णत्व सांगणाऱ्या परंपरेने स्त्रीच्या देहाला मात्र अपूर्णच मानले.

मराठी कथेने या भयाला कितपत आकार दिला? आपल्याकडे भयकथा समृद्ध आहे. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी तिला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. समीक्षेने मात्र तिला दीर्घकाळ रंजनाच्या खात्यात टाकले. धारपांच्या कथेत अमंगळ शक्ती बहुधा बाहेरून येते. जुने घर, बंद खोली, प्राचीन काळापासून दबा धरून बसलेले काही. आणि तिच्याशी झुंजायला समर्थांसारखा अधिकारी पुरुष असतो. भयाचे निराकरण होते, घर पुन्हा घर होते. मतकरींच्या गूढकथेत भय माणसाच्या आत सरकले आणि कुटुंबाच्या चौकटीत शिरले, म्हणून ती हॉथॉर्नच्या अधिक जवळ जाते. दुसऱ्या बाजूला विज्ञानकथा आहे. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, तेव्हापासून या कथेच्या शिरावर वैज्ञानिक दृष्टी रुजविण्याची जबाबदारी येऊन पडली. जबाबदारी उचित होती. पण तिच्यामुळे प्रयोगशाळेविषयीचे भय या कथेला काहीसे परके राहिले. सुबोध जावडेकरांच्या भोपाळविषयक ‘आकांत’सारखे अपवाद आहेत; तेथेही रीत वास्तववादी आहे. भयकथेत विज्ञान नाही आणि विज्ञानकथेत भय नाही, अशी विभागणी होऊन बसली. मराठवाड्याच्या ग्रामीण कथेने दुष्काळ आणि शोषण तळमळीने लिहिले. मात्र शोषिताची स्वतःची इच्छा शोषणाच्या सोयीची कशी होत जाते, हे दाखवायला वास्तववादाची रीत अपुरी पडते. तिला जुलमी आणि पीडित वेगवेगळे उभे करावे लागतात. ‘काढून टाक, सुटशील’ म्हणणाऱ्या जावेला ती कोठे उभी करणार?

या दृष्टीने ‘द बर्थमार्क’मधील एका दुर्लक्षित पात्राकडे पाहावे. अमिनादाब हा एल्मरचा मदतनीस. ठेंगणा, अवजड अंगाचा, केस पिंजारलेले, चेहरा भट्टीच्या काजळीने माखलेला. प्रयोगामागील तत्त्व त्याला कळत नाही. भट्टी पेटती ठेवण्याचे सारे काम मात्र तोच करतो. रूपकात्मक वाचनात तो माणसाच्या मृण्मय अंशाचे प्रतीक ठरतो आणि बाजूला सारला जातो. पण जॉर्जियानाला प्रथम प्रयोगशाळेत आणले जाते तेव्हा हाच माणूस स्वतःशी पुटपुटतो की, ही माझी बायको असती तर मी ती खूण कधी जाऊ दिली नसती. खुणेच्या बाजूने काढलेला हा शब्द श्रम करणाऱ्याच्या तोंडी आहे. त्याचे मत कोणी विचारीत नाही. एल्मरला ते ऐकूही येत नाही. आपल्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांचे आईवडील कोयत्यावर गेलेले असतात. त्यांनी ही कथा एल्मरच्या बाजूने वा जॉर्जियानाच्या बाजूने वाचावी, अशी आपली अपेक्षा असते. भट्टीजवळच्या माणसाच्या जागेवरून ती कशी दिसते, असे त्यांना सहसा विचारले जात नाही.

कथेच्या शेवटी निवेदक तत्त्वचिंतक होतो. एल्मरजवळ अधिक सखोल शहाणपण असते तर हाती आलेले सुख त्याने असे भिरकावले नसते, असे तो म्हणतो. हे भाष्य सर्वस्वी एल्मरच्या हानीविषयी आहे. मेलेली बाई त्यात नाही. त्या भाष्याच्या आधी मात्र, औषध घेतल्यावर एकदा आणि ती गेल्यावर पुन्हा, अमिनादाबचे घोगरे हसणे ऐकू येते. पहिल्या वेळी एल्मर ते यशाचे हसणे समजतो आणि खूष होतो. दुसऱ्या वेळी कोणतेही पात्र त्याचा अर्थ लावीत नाही.